अश्वत्थाम्याच्या देहातला एजॅक्स

ग्रीक पुराणकथा भारतीय भाषांत आल्या त्या प्रामुख्याने इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने, आणि येथील लेखकांनी त्यांना दोन प्रकारे जवळ केले: काहींनी त्या मूळच्या नावागावांसह भाषांतरित केल्या, तर काहींनी कथेचा सांगाडा ठेवून तिला आपल्या महाकाव्यांतील पात्रांचा देह दिला. या दुसऱ्या प्रकारातील अत्यंत धाडसी प्रयोग म्हैसूरमध्ये झाला, आणि मराठी नाट्यविचाराने त्याची जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही.

म्हैसूरच्या राजवाड्याच्या दक्षिणेकडील भागाला आजही अग्रहार म्हणतात. राजाने विद्वान ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती म्हणजे अग्रहार, आणि अशा वस्त्यांतून जोपासलेल्या संस्कृत पांडित्याला या शहरात दरबाराचा आश्रय होता. बसवप्प शास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकात कालिदासाचे ‘शाकुंतल’ कन्नडमध्ये आणले आणि शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘शूरसेन चरित्रे’ हे नाटक रचले, ते याच आश्रयाखाली. पुढच्या पिढीत महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बी. एम. श्रीकंठय्या (1884–1946) यांनी, म्हणजे कन्नड वाचकांच्या ‘बी.एम.श्रीं’नी, शेक्सपिअरच्याही मागे जाऊन अथेन्सच्या रंगभूमीला हात घातला. प्रथम 1926 मध्ये त्यांनी दहाव्या शतकातील रन्न कवीच्या काव्यातून ‘गदायुद्ध नाटकम्’ उभे केले आणि दुर्योधनाला शोकनायकाची उंची दिली; पुढे 1935 मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’चे ‘पारसिकरु’ हे भाषांतरही केले. या दोहोंच्या मध्ये, 1929 मध्ये, सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’वरून रचलेले ‘अश्वत्थामन्’ आले.

एजॅक्स हा ट्रॉयच्या युद्धातील ग्रीक वीर. अकिलीजच्या मृत्यूनंतर त्याची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली या अपमानाने तो पेटतो, सेनापतींना ठार मारायला निघतो. अथेना देवी त्याला भ्रमिष्ट करते आणि तो शत्रू समजून गुराढोरांची कत्तल करतो. भानावर आल्यावर उरते ती लाज, आणि ती सहन न होऊन तो तलवारीवर देह टाकतो. पुढचे नाटक त्याच्या प्रेताला अंत्यसंस्कार मिळावेत की नाही या वादाचे आहे, आणि त्यात त्याच्या बाजूने उभा राहतो तो त्याचा वैरी ओडिसियसच. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील अश्वत्थामाही असाच अपमानित, रात्रीच्या अंधारात झोपलेल्यांना मारणारा आणि त्या कृत्याने कलंकित झालेला योद्धा आहे. हे साम्य हेरणे ही नुसती हुशारी नव्हती. दोन महाकाव्यांच्या वीरधर्माला एकाच ठिकाणी पडलेली भेग त्यात दाखवली गेली.

पण सांगाडा आणि देह एका जागी जुळत नाहीत. एजॅक्स मरतो, तर अश्वत्थामा चिरंजीव आहे. मृत्यू नाकारला जाणे हीच त्याची शिक्षा. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास भरणारी यात्रा त्याच्याच नावाची असल्याने आणि जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा लोककथेत अजून जिवंत असल्याने मराठी वाचकाला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही. श्रीकंठय्यांनी ग्रीक शेवट राखला आणि चिरंजीवाला आत्महत्या करू दिली. आक्षेप येणारच होते, आणि ते निराधार नव्हते. तरीही धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’शी (1954) तुलना करता त्या निर्णयाचे वजन कळते. भारतींचा अश्वत्थामा शापासह जिवंत राहतो आणि त्यामुळे युद्धोत्तर जगाचे प्रतीक होतो. श्रीकंठय्यांचा अश्वत्थामा प्रतीक होण्याचे नाकारून माणूस होतो, कारण स्वतःच्या कृत्याचा निवाडा तो शापावर न सोडता स्वतः करतो. रंगभूमीवर ‘अंधा युग’ अधिक समर्थ ठरले हे खरे. शोकात्म विचाराच्या दृष्टीने मात्र म्हैसूरचे नाटक ग्रीकांच्या अधिक जवळ आहे.

कन्नडमध्ये पुढे भाषांतराचीही वाट रुंद झाली. पी. लंकेश यांनी ‘इडिपस’ आणि ‘अँटिगनी’ कन्नडमध्ये आणली, आणि त्यांच्या ‘इडिपस’चा बी. व्ही. कारंत यांनी 1972 मध्ये बंगळुरूत उघड्या रंगमंचावर केलेला प्रयोग आधुनिक कन्नड रंगभूमीचा टप्पा मानला जातो. हेच कारंत 1989 मध्ये म्हैसूरच्या ‘रंगायण’ या नाट्यसंस्थेचे पहिले संचालक झाले.

मराठीचा ओढा मुख्यतः इडिपसकडे राहिला. सदानंद रेगे यांचे ‘जयकेतू’ हे रूपांतर, पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’, शिवाय श्रीराम लागू यांनी मराठीत आणलेली, ज्याँ अनुई या फ्रेंच नाटककाराची ‘अँटिगनी’ ही त्याची ठळक उदाहरणे. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्रही मराठीत उपलब्ध करून दिले, त्यामुळे सिद्धान्ताची उणीव नव्हती. उणीव राहिली ती धाडसाची: कर्णावर मराठीत उदंड लेखन झाले, पण त्यातले बरेचसे अन्यायग्रस्त नायकाबद्दलच्या सहानुभूतीत विरघळले, आणि नायकाच्या स्वतःच्या अपराधाकडे डोळे रोखून पाहण्याची ग्रीक शिस्त त्यात क्वचितच उतरली. ‘अश्वत्थामन्’ निर्दोष नाही, पण त्याच्या तोडीचा प्रयत्न मराठीत झालेला नाही, आणि मराठी नाट्याभ्यासकांनी ते मूळ ‘एजॅक्स’शेजारी ठेवून वाचायला हवे.