किरायाच्या करारावर नाव कुणाचं?

घर आणि स्थलांतर या विषयावर संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात, की लवकरच एक संज्ञा भेटते: ‘मिश्र-दर्जा कुटुंब’. एकाच घरात काही जण नागरिक, काही परदेशी. संज्ञा उपयोगाची आहे, पण ती अमेरिकेत घडलेली आहे. तिथे अशा कुटुंबाला घरभाड्याची सरकारी मदत पात्र सदस्यांच्या प्रमाणातच मिळते. २०१९ मध्ये अशा कुटुंबांना मदतीतून बाहेर काढण्याचा प्रस्ताव आला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणून तिथलं संशोधन दोन गोष्टी विचारतं: मदत किती कापली जाते, आणि हद्दपारीच्या भीतीनं कुटुंब गप्प बसतं का?

हेच प्रश्न उचलून नागपूरच्या जरीपटक्यात नेले तर काय होईल?

जरीपटका ही फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांची वस्ती. पुढच्या दशकांतही पाकिस्तानातल्या सिंधमधून हिंदू कुटुंबं इथं नातेवाइकांच्या आधारानं येत राहिली. त्यांतले अनेक जण दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात, म्हणजे ते बेकायदा नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत नागपूरही होतं.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. वडिलांना २०१८ मध्ये नागरिकत्व मिळालं, आई अजून व्हिसावर. थोरली मुलगी सिंधमध्ये जन्मलेली. मधला नागपुरातच जन्मला, पण तेव्हा आईवडील दोघंही परदेशी होते. ३ डिसेंबर २००४ नंतर इथं जन्मलेल्या मुलाला जन्मानं नागरिकत्व हवं असेल, तर आईवडिलांपैकी निदान एक जण नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. त्यामुळे मधला जन्मानं नागरिक नाही, २०१९ मध्ये जन्मलेला धाकटा मात्र आहे. तुमच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबाचं नागरिकत्व’ असा एकच रकाना असेल, तर या घरासाठी त्यात काय लिहाल? ‘कायदेशीर की बेकायदा’ अशा दोन चौकटीही इथं कामाच्या नाहीत.

त्याहून मोठी चूक पुढं आहे. अमेरिकी चौकट पैशाच्या मदतीकडे बघते. इथं बघायला हवं कागदाकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. दुसरीकडे, परदेशी माणसाला जागा दिली की त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवण्याचं कामही जागा देणाऱ्याकडेच येतं. मग घरमालकाला सोपं काय? करार घरातल्या नागरिकाच्या नावावर करायचा, किंवा नुसत्या तोंडी बोलीवर खोली किरायानं द्यायची. हे माझं गृहीतक आहे, आणि तपासायचं ते हेच.

कारण सुधारित नागरिकत्व कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. त्यांत अर्जदारानं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात प्रवेश केल्याचा पुरावा द्यायचा आहे. चालणाऱ्या कागदांच्या यादीत नोंदणीकृत भाडेकरारही आहे. यादी लांब आहे, दुसरे कागदही चालतात. पण ज्या बाईच्या नावावर ना शिधापत्रिका, ना करार, तिनं नागपुरात किरायानं काढलेली वर्षं कागदावर दिसतच नाहीत. घर मिळावं म्हणून केलेली तडजोड पुढं नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येऊ शकते. मदतीचे आकडे मोजणाऱ्या अभ्यासाला हे दिसणार नाही.

म्हणून संज्ञा टाकून देऊ नका. समाजाऐवजी घराच्या आत बघायला तीच शिकवते, आणि ‘निर्वासित’ या एकाच शब्दात सगळ्यांना कोंबणाऱ्या आपल्या अभ्यासांना त्याची गरज आहे. फक्त तिच्यासोबत आलेले प्रश्न बदला. प्रत्येक सदस्यासाठी वेगळी ओळ ठेवा आणि विचारा: करार आहे का? नोंदलेला आहे का? नाव कुणाचं, आणि ते कुणी ठरवलं?

आणि जपून विचारा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते, तरी त्यानंतर दारात कागद घेऊन उभा राहिलेला अनोळखी माणूस पोलिसांचाच वाटू शकतो. सुरुवात खोली, किराया, डिपॉझिट यांपासून करा. पासपोर्टचे फोटो काढू नका. नाव आणि दर्जा एका कागदावर लिहू नका. तुमची वही हरवली तर तुमचं एक प्रकरण जाईल, त्यांचं घर जाऊ शकतं.