नायक तोच, नट वेगळा : जेम्स बाँडच्या नटबदलाविषयीच्या चाहत्यांच्या तर्कांची चिकित्सा

प्रस्तावना :

चित्रपटमालिकेतील नायकाची भूमिका एका नटाकडून दुसऱ्या नटाकडे जाणे ही निर्मात्यांच्या दृष्टीने व्यवहाराची बाब असते. करार संपतो, नटाचे वय वाढते, मानधनाचा प्रश्न उभा राहतो आणि नवा नट नेमला जातो. प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र हा बदल इतका साधा नसतो. ज्या चेहऱ्याशी नायकाचे नाव एकरूप झालेले असते, तो चेहरा गेल्यावर नायक उरतो काय, आणि उरत असेल तर तो कशात उरतो, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराच्या चित्रपटमालिकेइतका हा प्रश्न क्वचितच दुसऱ्या एखाद्या मालिकेने दीर्घकाळ जागता ठेवला असेल. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत इऑन या निर्मितिसंस्थेने २५ चित्रपट काढले आणि त्यांत सहा नटांनी ही भूमिका केली. प्रत्येक नटबदलाच्या वेळी पुढचा बाँड कोण, याविषयी चाहत्यांमध्ये तर्कवितर्क रंगले. हे तर्क म्हणजे केवळ फावल्या वेळेचा उद्योग नसून ते व्यक्तिरेखेविषयीचे अप्रत्यक्ष समीक्षाविधानच असते, या भूमिकेतून त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनुकार्य आणि अनुकर्ता :

नट आणि पात्र यांच्या संबंधाचा विचार संस्कृत साहित्यशास्त्राने अत्यंत सूक्ष्मपणे केलेला आहे. ज्याचे अनुकरण करावयाचे तो अनुकार्य आणि अनुकरण करणारा नट तो अनुकर्ता. श्रीशंकुकाने यासंदर्भात चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहताना तो खरा, खोटा, संशयित किंवा घोड्यासारखा आहे असे न वाटता तो घोडाच आहे असा एक वेगळाच प्रत्यय येतो. नटाच्या ठिकाणी रामाचा प्रत्यय येतो तोही याच जातीचा होय. अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती'तून हे मत आणि त्याचे खंडन अशी दोन्ही आपल्यापर्यंत आली आहेत. खंडनातील एक आक्षेप येथे विशेष उपयोगी पडतो. अनुकार्य राम कोणी पाहिलेलाच नाही. मग नट करतो ते त्याचे अनुकरण आहे हे प्रेक्षकाला कळावे कसे?

बाँडच्या बाबतीत हा आक्षेप उलट दिशेने प्रकाश टाकतो. बाँडच्या प्रेक्षकाने 'मूळ' पाहिलेले असते, किंबहुना तसा त्याचा समज असतो. मात्र त्याने पाहिलेले मूळ म्हणजे इयान फ्लेमिंगच्या १९५३ च्या 'कॅसिनो रोयाल' या कादंबरीतील नायक नव्हे, तर शॉन कॉनरी होय. ज्यांनी हे चित्रपट पुढच्या काळात पाहावयास आरंभ केला, त्यांच्या दृष्टीने ते मूळ म्हणजे रॉजर मूर, पिअर्स ब्रॉस्नन किंवा डॅनियल क्रेग. म्हणजेच येथे कालचा अनुकर्ता आजचा अनुकार्य होऊन बसतो. चाहता एखाद्या नटाचे नाव सुचवतो किंवा नाकारतो तेव्हा तो व्यक्तिरेखेशी तुलना करीत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो एका नटाची दुसऱ्या नटाशी तुलना करीत असतो.

या गोंधळास खुद्द लेखकही अपवाद नव्हता. कॉनरीच्या निवडीविषयी फ्लेमिंग आरंभी साशंक होता. पुढे मात्र १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या कादंबरीतील मृत्युलेखात त्याने बाँडच्या वडिलांना स्कॉटिश आणि आईला स्विस ठरवले. कॉनरी स्कॉटलंडचा होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. नट पात्रासारखा असावा अशी अपेक्षा असताना येथे पात्रच नटाकडे सरकलेले दिसते.

'अस्सल बाँड' या कल्पनेची तपासणी :

चाहत्यांच्या चर्चेत वारंवार येणारा निकष म्हणजे अस्सलपणा. बाँड इंग्रज दिसला पाहिजे, तो अमुक उंचीचा, अमुक केसांचा असला पाहिजे, असे आग्रह मांडले जातात. हे आग्रह इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. सहा नटांपैकी जन्माने इंग्लंडचे केवळ दोन, मूर आणि क्रेग. कॉनरी स्कॉटलंडचा, जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियाचा, टिमोथी डाल्टनचा जन्म वेल्समधला, तर ब्रॉस्नन आयर्लंडचा. इंग्रजपणाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तो पडद्यावर बहुतांशी बिगरइंग्रजांनीच घडवला आहे.

ऑक्टोबर २००५ मध्ये क्रेगची निवड जाहीर झाली तेव्हा त्याचे सोनेरी केस, त्याची उंची आणि त्याचा रांगडा चेहरा यांवर आक्षेप घेण्यात आले. काही चाहत्यांनी बहिष्काराची हाकही दिली. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'ने जगभरात सुमारे ६० कोटी डॉलरचा व्यवसाय केला आणि २०१२ चा 'स्कायफॉल' एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडणारा या मालिकेतील पहिला चित्रपट ठरला. व्यावसायिक यश हे कलात्मक प्रमाण नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की आक्षेपकांनी व्यक्तिरेखेचे मर्म केसांच्या रंगात शोधले होते आणि ते तेथे नव्हते.

'एका वेळी एकच बाँड' हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. १९८३ साली पडद्यावर दोन बाँड अवतरले. उदयपूरमध्ये चित्रित झालेला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज यांच्या भूमिकांमुळे भारतीय प्रेक्षकांच्या विशेष परिचयाचा 'ऑक्टोपसी' मूरचा होता. तर इऑनबाहेर निर्माण झालेल्या 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये कॉनरी परतला होता. प्रेक्षकांनी दोन्ही चित्रपट पाहिले आणि 'ऑक्टोपसी'ने अधिक व्यवसाय केला. तथाकथित मूळ चेहरा समोर असतानाही प्रेक्षकांनी दुसरा चेहरा नाकारला नाही, ही बाब बोलकी आहे.

सांकेतिक नावाचा सिद्धांत :

चाहत्यांनी मांडलेल्या तर्कांपैकी सर्वांत कल्पक तर्क असा की 'जेम्स बाँड' हे कोणा एका माणसाचे नावच नाही. ००७ या क्रमांकाप्रमाणे तेही एका हेराकडून दुसऱ्याकडे जाणारे सांकेतिक नाव आहे. यामुळे चेहरे का बदलतात, साठ वर्षांत नायक म्हातारा का होत नाही, या प्रश्नांची उत्तरे एका फटक्यात मिळतात. लेझनबीच्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) या चित्रपटाच्या आरंभी नायक आधीच्या गड्याचा मिस्कील उल्लेख करतो, तोही पुरावा म्हणून पुढे केला जातो.

परंतु संहितेचा पुरावा या सिद्धांताच्या विरोधात जातो. १९६९ च्या याच चित्रपटात बाँडची पत्नी ट्रेसी मारली जाते. त्यानंतर 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) मध्ये मूरच्या बाँडपुढे तिचा विषय निघताच तो अस्वस्थ होतो. 'फॉर युवर आईज ओन्ली' (१९८१) च्या आरंभी तो तिच्या थडग्यावर फुले वाहतो. 'लायसन्स टू किल' (१९८९) मध्ये डाल्टनच्या बाँडच्या पूर्वीच्या विवाहाचा उल्लेख येतो. हुद्दा वारशाने मिळू शकतो, वैधव्याचे दुःख वारशाने मिळत नाही. 'स्कायफॉल'मध्ये तर बाँडच्या आईवडिलांचे थडगेच दाखवले असून त्यावर बाँड हेच आडनाव कोरलेले आहे.

क्रमांक आणि नाव यांतील भेद 'नो टाइम टू डाय'ने अधिक स्पष्ट केला. बाँड निवृत्त झाल्यानंतर ००७ हा क्रमांक नोमी या कृष्णवर्णीय स्त्री-हेराला मिळतो. लशाना लिंच या अभिनेत्रीने केलेली ही व्यक्तिरेखा क्रमांक धारण करते. पण ती बाँड होत नाही, आणि अखेरच्या मोहिमेपूर्वी तो क्रमांक बाँडला परत मिळावा असे ती स्वतःच सुचवते.

हा सिद्धांत संहितेला धरून नाही एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाचा नट बाँड होऊ शकेल काय, या चर्चेत त्याचा उपयोग कसा होतो, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. अनेक चाहते उदारपणाने म्हणतात की सांकेतिक नावाचा सिद्धांत मानला तर कोणत्याही वर्णाचा नट ही भूमिका करू शकेल. वरकरणी ही सर्वसमावेशक वाटणारी भूमिका आहे. तिच्या पोटात मात्र एक अट दडलेली आहे. कॉनरीनंतर मूर आला, मूरनंतर डाल्टन आला, तेव्हा कथेने कोणतेही स्पष्टीकरण दिले नाही आणि प्रेक्षकांनी ते मागितलेही नाही. स्कॉटिश, ऑस्ट्रेलियन, आयरिश नट विनाअट बाँड होऊ शकले. स्पष्टीकरणाची गरज केवळ वेगळ्या वर्णाच्या नटासाठीच भासत असेल, तर त्या नटाला नाव उसने दिले जाते, व्यक्तिरेखा दिली जात नाही. या सिद्धांताने दार उघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आत येणाऱ्याला ओसरीवरच बसवले जाते. चित्रतुरगन्यायाच्या भाषेत बोलायचे तर गोऱ्या नटाच्या ठिकाणी येणारा 'हा बाँडच' हा प्रत्यय इतरांना आधीच नाकारलेला असतो.

तर्क आणि बाजारपेठ :

चाहत्यांचे तर्क केवळ त्यांच्यापुरते राहत नाहीत. १९८६ साली ब्रॉस्ननची निवड जवळजवळ निश्चित झाली होती. परंतु त्या बातमीमुळे त्याच्या 'रेमिंग्टन स्टील' या बंद पडलेल्या दूरचित्रवाणी मालिकेविषयीचे कुतूहल वाढले, वाहिनीने ती पुन्हा सुरू केली, तो करारात अडकला आणि भूमिका डाल्टनकडे गेली. ब्रॉस्ननला १९९५ च्या 'गोल्डनआय'पर्यंत थांबावे लागले. चर्चेनेच निवड उलटवण्याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

२०१४ साली सोनी कंपनीतून फुटलेल्या पत्रव्यवहारात एमी पास्कल या तेथील तत्कालीन उच्चाधिकाऱ्यांनी इद्रिस एल्बा या नटाचे नाव सुचवल्याचे उघड झाले आणि वर्णाचा वाद जगभर पेटला. दीर्घकाळच्या निर्मात्या बार्बरा ब्रोकोली यांनी पुढे बाँड कोणत्याही वर्णाचा असू शकेल, मात्र तो पुरुषच राहील, अशी भूमिका घेतली. २०२२ साली अ‍ॅमेझॉनने एमजीएम कंपनी विकत घेण्याचा ८.४५ अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकोली आणि मायकल विल्सन सर्जनशील निर्णयांतून बाजूला होत असल्याचे जाहीर झाले. त्यानंतर पास्कल यांचीच डेव्हिड हेमन यांच्यासह निर्मात्या म्हणून, तर डेनी व्हिलनव्ह यांची दिग्दर्शक म्हणून नियुक्ती झाली. नटाचे नाव जाहीर होण्यापूर्वीच मालक, निर्माते आणि दिग्दर्शक बदलले होते. चाहत्यांच्या चर्चेचा रोख मात्र प्रामुख्याने नटाकडेच राहिला.

या मर्यादेकडे दुर्लक्ष करता येत नाही. 'गोल्डनआय' आणि 'कॅसिनो रोयाल' हे दोन यशस्वी नटबदल मार्टिन कॅम्पबेल या एकाच दिग्दर्शकाने हाताळले होते. निर्मितीचा वेगही बदलला आहे. कॉनरीचे पहिले पाच चित्रपट १९६२ ते १९६७ या पाच वर्षांत आले. क्रेगच्या पाच चित्रपटांना २००६ ते २०२१ अशी पंधरा वर्षे लागली. नटाच्या वयाविषयीच्या चर्चेत या वेगाचा विचार न करणे म्हणजे अर्धेच गणित मांडणे होय.

निष्कर्ष :

१. पुढच्या नटाविषयीचे तर्क ही व्यक्तिरेखेची अप्रत्यक्ष व्याख्या असते. परंतु चाहते ज्याला मूळ व्यक्तिरेखा मानतात तो बहुधा पूर्वीचा एखादा नट असतो.

२. 'अस्सल बाँड' ही संकल्पना नटांच्या जन्मस्थानाच्या, रूपाच्या किंवा सातत्याच्या आधारे सिद्ध होत नाही.

३. सांकेतिक नावाचा सिद्धांत चित्रपटांतील पुराव्याशी विसंगत आहे आणि वर्णाच्या संदर्भात तो समावेशापेक्षा सशर्त प्रवेशाचेच समर्थन करतो.

४. केवळ नटावर केंद्रित झालेली चर्चा लेखन, दिग्दर्शन आणि मालकी यांतील निर्णायक बदल झाकून टाकते.

'नो टाइम टू डाय'च्या शेवटी बाँड मरण पावतो आणि तरीही श्रेयनामावलीच्या अखेरीस तो परत येईल असे आश्वासन दिले जाते. मेलेला नायक आणि परतणारा नायक यांच्यामधील अंतर कथा भरून काढणार नाही. ते प्रेक्षकालाच भरून काढावे लागेल. हे काम त्याने यापूर्वी पाच वेळा, कोणतेही स्पष्टीकरण न मागता, केलेले आहे. सहाव्या वेळी त्याने स्पष्टीकरण मागितले, तर ते नव्या नटाविषयी जेवढे सांगेल, त्याहून अधिक ते त्या प्रेक्षकाविषयीच सांगून जाईल.