एन्डुगूला कोण विचारतं?

अलेक्झांडर पेनच्या ‘अबाउट श्मिट’मध्ये (२००२) जॅक निकल्सनचा श्मिट टीव्हीवरची जाहिरात पाहून टांझानियातल्या सहा वर्षांच्या एन्डुगूचं पालकत्व घेतो. महिना २२ डॉलर, सोबत पत्र. नुकताच रिटायर झालेला हा विमा कंपनीतला माणूस त्या पत्रांत बायकोवर, होणाऱ्या जावयावर, आपल्या जागी आलेल्या तरुणावर तोंडसुख घेतो. पोराला यातलं काय कळणार, म्हणून आपण हसतो.

अंधेरीत बसून पाहताना हे हसू जरा अडकतं. इथे स्टेशनबाहेर टॅबवाले आपल्याला देणगीदार करायला उभे असतात. पण अमेरिकेतल्या घरांत पोचलेले फोटो आपल्या देशातल्या पोरांचेही होते. सरकारने परदेशी पैसा अडवल्यावर मार्च २०१७ मध्ये ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ने भारतातलं काम बंद केलं. एक लाख चाळीस हजारांहून जास्त मुलं, आणि त्यांची पत्रं, तिथेच थांबली. मुलांना कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीलाही कुठे विचारलं होतं म्हणा.

सिनेमाचा शेवट लोकांना फार आवडतो. मला तो जरा सोयीचा वाटतो. एका ननचं उत्तर येतं: एन्डुगूला लिहिता-वाचता येत नाही. सोबत त्याने काढलेलं चित्र, हात धरलेली दोन माणसं. श्मिटला हवं होतं नेमकं तेच! सिनेमाभर त्याला सूट न देणारा पेन इथे विरघळतो. एन्डुगू मात्र पत्रातल्या दोन साध्या माहितींत भेटतो: डोळ्याच्या संसर्गावर त्याला उपचार मिळाले, आणि त्याला खरबूज आवडतं. श्मिट रडतो तो चित्र बघून.