धर्मांतराच्या कथा आणि अनुभवाची साक्ष

मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला धर्मांतरितांच्या आत्मकथा वगळून पुढे जाता येत नाही. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली प्रसिद्ध झाले. पंडिता रमाबाईंनी आपली धर्मसाक्ष १९०७ साली इंग्रजीत लिहिली. आपल्या अक्षय ठेव्याविषयीची साक्ष, असा तिच्या नावाचा अर्थ. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी बाहेर पडली. यांपैकी ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरांतून आवडीने वाचली जातात. पहिली दोन पुस्तके मात्र देवस्थानांच्या ग्रंथसंग्रहांत माझ्या पाहण्यात क्वचितच आली. ज्यांनी ती जपली त्यांनी ती पुरावा म्हणून जपली, आणि ज्यांनी टाळली त्यांनीही पुरावा म्हणूनच टाळली. ‘मला प्रभू भेटला, माझ्या जिवाला शांती मिळाली, म्हणून हाच धर्म खरा’ असे एक पक्ष म्हणतो. त्यावर ‘आमच्या कुलस्वामिनीचीही प्रचीती पाहा’ असे दुसरा पक्ष उत्तर देतो. व्यक्तीच्या अनुभवाने धर्माचे सत्यत्व ठरते, या गृहीतावर दोघांचेही एकमत आहे, हे वादाच्या भरात दोघांच्याही ध्यानात येत नाही. हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी रमाबाईंच्या पुस्तकाइतके चांगले साधन दुसरे नाही.

या छोट्या पुस्तकाचा सर्वांत बलवान भाग ख्रिस्तदर्शनाचा नसून दुष्काळाचा आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत दक्षिणेत फिरत होते. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, जवळचे होते नव्हते ते दानधर्मात गेले. देव प्रसन्न होईल आणि संकट निवारील, ही त्या घराची अढळ निष्ठा होती. पुढे अन्न संपले. अकरा दिवस पाणी आणि रानातला पाला यांवर काढल्यावर वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांना परावृत्त केले. तरीही थोड्याच काळात वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरली ती दोन भावंडे शेकडो कोस पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, ती अंतःकरणातून देव नाहीसा झालेल्या अवस्थेत. हे सारे रमाबाई आवाज न चढविता सांगतात. शास्त्राने सांगितले ते आम्ही अक्षरशः केले आणि काहीही हाती आले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्याला हा भाग वाचताना आपल्या श्रद्धेविषयी क्षणभरही अस्वस्थता वाटत नाही, त्याने तो नीट वाचलेला नाही.

आता याच्याशेजारी दुसरी एक साक्ष ठेवावी. इसवी सन १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. देहूच्या एका सुखवस्तू वाण्याचे दिवाळे वाजले, मानमरातब गेला, आणि पहिली बायको अन्न अन्न करीत मेली. हे तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांत स्वतःच सांगितले आहे. त्या घरातही विठ्ठलाची उपासना वडिलोपार्जित होती, आणि तीही दुष्काळाला अडवू शकली नाही. रमाबाईंच्या न्यायाने पाहिले तर इथे विठ्ठलाविरुद्ध निकाल व्हावयास हवा होता. झाले ते उलट. तुकोबांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले, वाट्याला आलेली खते इंद्रायणीत बुडविली, आणि जे गेले ते बरे झाले, त्याने देवाकडे येण्याची वाट मोकळी झाली, असा त्या आपत्तीचा अर्थ लावला. एकाच जातीची घटना एकीला पिढीजात देवापासून दूर नेते आणि दुसऱ्याला त्याच देवाच्या पायाशी आणते. पुरावा एक, हुकूमनामे दोन. तेव्हा निकाल पुराव्यातून निघालेला नाही, तो कोठून तरी दुसरीकडून आला आहे, असे म्हणणे भाग पडते.

येथे माझ्या व्यवसायातला एक साधा भेद उपयोगी पडतो. १८७२ च्या साक्षीच्या कायद्याने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. ज्याने पाहिले त्याने ‘मी पाहिले’ म्हणून सांगावे. पण पाहिलेल्या गोष्टीवरून कोणता निष्कर्ष काढावा हे साक्षीदाराचे काम नव्हे. तज्ज्ञांसारखे काही अपवाद सोडले तर त्याचे मत पुरावा म्हणून चालत नाही. ‘माझे मन शांत झाले, माझे भय गेले’ ही रमाबाईंची साक्ष प्रत्यक्ष आहे, आणि त्या बाबतीत त्यांच्याहून अधिक अधिकारी साक्षीदार असू शकत नाही. ‘म्हणून अमुक धर्मग्रंथ तेवढा सत्य’ हे मात्र मत आहे. या मुद्द्यावर तज्ज्ञ कोणाला म्हणावे, हाच तर मुळात वादविषय! साक्षीदारांची संख्या वाढविल्यानेही हे व्यंग भरून निघत नाही. अमुक इतके साक्षीदार असले म्हणजे गोष्ट शाबीत झाली, असे कायदाही मानीत नाही.

याच न्यायाने आपल्या समाजात रूढ असलेली एक वाईट सवयही निकालात निघते. धर्मांतरिताची कथा ऐकली की ‘पोटासाठी बाटला’ किंवा ‘मिशनने फूस लावली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण ज्या स्त्रीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिला ते लावणे हा उलटतपासणीतला अप्रामाणिकपणा होय. साक्षीदार प्रामाणिक आहे हे मान्य करूनही त्याच्या साक्षीने दावा शाबीत होत नाही, असे म्हणता येते. न्यायालयांत हे रोज घडते, आणि त्यासाठी कोणाला खोटारडा ठरवावे लागत नाही.

हा विचार पश्चिमेकडून उसना आणलेला आहे असे कोणी समजू नये. विल्यम जेम्सने १९०२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, गूढानुभव ज्याला येतो त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो, इतरांवर तो बंधनकारक नाही, असा निर्णय दिला हे खरे. परंतु त्याच्या कित्येक शतके आधी आपल्या मीमांसकांनी हा प्रश्न अधिक कठोरपणे विचारला होता. बुद्ध सर्वज्ञ आणि कपिल नव्हे याला प्रमाण काय, आणि दोघेही सर्वज्ञ असतील तर त्यांच्यांत मतभेद का, असा कुमारिलांच्या नावावर सांगितला जाणारा युक्तिवाद आहे. योग्याचे प्रत्यक्ष हे धर्माच्या बाबतीत प्रमाणच नव्हे, अशी त्या दर्शनाची भूमिका. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात कपिलादि सिद्धांची योग्यता नाकारली नाही. सिद्ध अनेक आहेत आणि त्यांची वचने परस्परविरुद्ध आहेत, म्हणून केवळ सिद्धाच्या अधिकारावर निर्णय होऊ शकत नाही, असे ते म्हणाले. या दोघांनीही शेवटी श्रुतीचा आश्रय घेतला, आणि श्रुती न मानणाऱ्यापुढे तो आश्रय अपुरा पडतो हे उघड आहे. पण अनुभवाचे नाणे सर्वत्र चालत नाही हे त्यांनी ओळखले होते. आज प्रवचनांतून ‘अनुभव घेऊन पाहा म्हणजे पटेल’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते या परंपरेला धरून आहे असे मला वाटत नाही.

अनुभवाच्या बाह्य लक्षणांकडे पाहिले तर घोटाळा आणखी वाढतो. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात जे धर्मजागरण झाले, त्यात मुली रडू लागल्या, अंगाचा दाह झाल्याचे सांगू लागल्या, तासन्‌तास प्रार्थनेत बुडून गेल्या. हा पवित्र आत्म्याचा संचार, असे तेथील मंडळींनी मानले. आपल्याकडे स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव जुन्या शास्त्रकारांनी मोजून ठेवले आहेत. केडगावचे वर्णन त्यांत बहुतेक सामावते. शरीर भक्तीची खूण दाखविते, देवतेचे नाव सांगत नाही. नाव सांगते ती भक्ताची आधीची भाषा, आणि नाव आले की साक्षी परस्परांना छेदू लागतात. तुकोबांचा उपदेश स्वप्नात लाभलेली संत बहिणाबाई आपले पूर्वजन्म एकामागून एक सांगते. बायबलाच्या चौकटीत वाढलेल्या साधकाला पूर्वजन्म आठवल्याचे सहसा ऐकू येत नाही. दोघेही अंतःकरणापासून बोलतात, पण दोघांचे सांगणे एकाच वेळी अक्षरशः खरे असू शकत नाही.

गोव्यातल्या वाचकाला तर यासाठी ग्रंथ उघडण्याचेही कारण नाही. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन जातात, आणि शिरगावची लईराई व ही सायबीण या सख्ख्या बहिणी, असे लोकमानस पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहे. केलेली आंगवण या बहिणीकडे फळली तशी त्या बहिणीकडेही फळते. आता जी प्रचीती चर्चमध्येही येते आणि देवळातही येते, ती चर्च खरे की देऊळ खरे याचा निवाडा कशी करणार? आपल्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात मंगेश आणि शांतादुर्गा रातोरात अंत्रुजात नेल्या, आणि मागे राहिलेल्यांपैकी पुष्कळांचा धर्म बदलला. त्या वेळी कोण कोठे राहिला हे आत्मिक अनुभवाने ठरले नव्हते. राजसत्ता, जमीन, आणि नदी ओलांडण्याची संधी यांनी ते ठरविले. आज त्या दोन्ही घराण्यांचे वंशज आपापल्या देवापुढे डोळे मिटून सारख्याच समाधानाने उभे राहतात. तो अनुभव खरा आहे, पण कोणत्या नावाने तो यावा हे चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका होडीने ठरविले.

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटेल: ‘म्हणजे सर्व धर्म सारखेच, आम्ही तरी दुसरे काय म्हणत होतो?’ हे समाधान मला मान्य नाही. श्रीरामकृष्णांनी १८६६ च्या सुमारास इस्लामची साधना केली, १८७४ च्या सुमारास त्यांना ख्रिस्ताचे दर्शन झाले, आणि सर्व वाटा एकाच ठिकाणी जातात असे त्यांनी सांगितले, हा दाखला अशा वेळी नेहमी पुढे केला जातो. त्या महापुरुषाविषयी पूर्ण आदर ठेवून विचारावेसे वाटते की, हादेखील एका व्यक्तीचा अनुभवच नव्हे काय? इस्लामच्या साधनेला तीन दिवस पुरले, असे त्यांचे चरित्र सांगते. जन्मभर पाच वेळा नमाज पढणारा मुसलमान ते मान्य करील काय? रामकृष्णांच्या भक्तांनी ख्रिस्ताला अवतारांच्या मालिकेत बसविले, पण देव एकदाच आणि एकाच ठिकाणी मनुष्य झाला हा तर ख्रिस्ती मताचा गाभा. तो काढून टाकल्यावर जो ख्रिस्त उरतो तो आपला आहे, त्यांचा नव्हे. सर्वधर्मसमानता हेही एक मतच आहे. त्याच्या बाजूने युक्तिवाद करता येतील आणि मी स्वतः करीनही. परंतु रमाबाईंची साक्ष त्यांच्या पक्षाला पुरत नसेल, तर दक्षिणेश्वरची साक्ष आपल्या पक्षाला पुरते असे म्हणता येणार नाही.

मग या आत्मकथांचे मोल काय? माझ्या मते, पुरावा म्हणून वाचणे सोडले की त्या प्रथमच वाचता येऊ लागतात. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली वाँटेज येथे झाला. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त भेटला तो पुढे सुमारे आठ वर्षांनी, असे त्या स्वतःच सांगतात. म्हणजे धर्म पत्करला तो विचाराने आणि अनुभव आला तो नंतर! साक्षीदार स्वतःच हा क्रम सांगत असताना अनुभवाला धर्मांतराचे कारण म्हणून पुढे करणाऱ्यांनी हे पान वाचलेले दिसत नाही. या मधल्या काळात वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध झाला आहे, आणि माझ्या दृष्टीने तो धर्मसाक्षीपेक्षाही मोलाचा आहे. त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगते म्हणून मानणार नाही, ब्राह्मणांचे जू मानेवरून उतरविले ते दुसऱ्या कोणाचे चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. यावर मठाने ‘तुझा अनुभव पुरेसा आहे’ असे म्हटले नाही. मठाने आज्ञापालन मागितले. हिंदूंपुढे जी साक्ष निर्णायक म्हणून ठेवावयाची, ती चर्चच्या दारात मात्र अपुरी ठरते, ही विसंगती या पत्रांइतकी स्पष्ट अन्यत्र दिसत नाही.

लक्ष्मीबाईंच्या लेखनात अशी ओढाताण नाही, कारण त्यांना काही शाबीतच करावयाचे नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्म बदलला तेव्हा त्या मागे राहिल्या, पंढरपुरात दिवस काढले, पुढे नवऱ्याजवळ राहूनही आपले सोवळे त्यांनी वेगळे ठेवले. त्यांचे मन वळले ते दिव्य प्रकाशाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला, आणि त्याचे जे उत्तर मिळाले त्यानंतर परजातीच्या हातचे पाणी पिण्यास त्यांना हरकत उरली नाही. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनच्या मंडळींना ते रुचणे कठीण होते. आणि आपल्या मंडळींनी त्या दरबाराकडे ढुंकूनही पाहिले नाही.