'गाया' : नावाचा उपयोग आणि उपद्रव

'जिऑलॉजी', 'जिऑग्रफी' आणि 'जिऑमेट्री' या तिन्ही शब्दांच्या मुळाशी 'पृथ्वी' या अर्थाचा एकच ग्रीक शब्द आहे. ग्रीक पुराणांतील भूदेवी गाया हे त्याचेच रूप. ही देवी वत्सल आहे, तशी उग्रही. हेसिअडच्या काव्यात ती मुलाच्या हाती विळा देऊन त्याला बापावर घाव घालायला लावते.

१९६०च्या दशकात जेम्स लव्हलॉक 'नासा'साठी काम करीत होते. मंगळावर जीवसृष्टी असल्यास ती कशी ओळखावी, हा प्रश्न होता. मंगळ व शुक्र यांच्या वातावरणात ९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे. पृथ्वीवर मात्र २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि त्याच्याशी संयोग होऊन संपायला हवा असा मिथेनही आहे. म्हणजे सजीव हे वायू सतत हवेत सोडत असले पाहिजेत. यातून लव्हलॉक यांनी मांडले, की सजीव व परिसर मिळून पृथ्वीवरील स्थिती जीवनाला अनुकूल राखतात. या कल्पनेला 'गाया' हे नाव कादंबरीकार विल्यम गोल्डिंग यांनी सुचवले. १९७९च्या पुस्तकाने ते सर्वतोमुखी झाले.

आमचा आक्षेप इथे आहे. देवी म्हटली की इच्छा आली, हेतू आला. डूलिटल (१९८१) आणि डॉकिन्स (१९८२) यांनी नेमके यावरच बोट ठेवले : पृथ्वी काही इतर पृथ्व्यांशी स्पर्धा करून टिकलेली नाही, मग हे नियमन उत्क्रांत कसे झाले? लव्हलॉक व वॉटसन यांनी १९८३मध्ये काळ्या-पांढऱ्या डेझी फुलांच्या काल्पनिक ग्रहाचे गणित मांडून उत्तर दिले. ऊन वाढले की प्रकाश परावर्तित करणारी पांढरी फुले वाढतात आणि ग्रह थंड राहतो. इथे हेतूची गरजच नाही! पण हे गणित थोड्यांनाच ठाऊक झाले, देवी मात्र सर्वांना.

नाव निरुपद्रवीही असू शकते. २०१३मध्ये सोडलेल्या युरोपीय 'गाया' यानाचे नाव मुळात आद्याक्षरांचे होते. आराखडा बदलला, आद्याक्षरे जुळेनाशी झाली, तरी नाव राहिले. २०२५मध्ये बंद होईपर्यंत यानाने सुमारे दोनशे कोटी ताऱ्यांची मोजणी केली. त्यावरून कोणाचा गैरसमज झाला नाही.

'धरणीमाता सांभाळून घेईल' असे वर्गात एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला सांगावे : सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांनीच हवेत ऑक्सिजन भरला, आणि तो त्या काळच्या कित्येक जीवांना विष ठरला. मग विचारावे : सांभाळले कोणी, आणि कोणाला?