सागरी सस्तन प्राण्यांतील जिवाणूजन्य रोग व प्रजनन-आरोग्य : सीलविषयक संशोधनाची चिकित्सक समीक्षा
(मोरा-उरण किनाऱ्याच्या विशेष संदर्भात)

सारांश :
सीलमध्ये ब्रुसेला गटातील जिवाणू आढळल्यापासून या प्राण्यांच्या प्रजननावर त्याचा विपरीत परिणाम होत असावा, असा समज रूढ झाला. जिवाणूचे अस्तित्व आणि प्रजननाची हानी ही दोन स्वतंत्र विधाने असून प्रत्येकास स्वतंत्र पुरावा लागतो, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे. सीलवरून काढलेले निष्कर्ष मोरा बंदरासमोरील डॉल्फिनांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही येथे दाखविले आहे.

बीजशब्द : सील, ब्रुसेला, वार, गर्भपात, प्रदूषके, मोरा बंदर

प्रस्तावना :
भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच ज्या बंदराला लागते ते मोरा बंदर म्हणजे उरण तालुक्याचे मुंबईकडील सागरी प्रवेशद्वार होय. समोर घारापुरी बेट, शेजारी १९८९ मध्ये कार्यान्वित झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, आणि या दोहोंमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा कोळी समाज, असा हा परिसर आहे. मुंबई-रायगडच्या या उथळ समुद्रात कुबड असलेले डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेले पॉरपॉइज वावरतात. सील मात्र येथे नाहीत. तो मुख्यतः थंड समुद्रांतील प्राणी आहे.

असे असता सीलविषयक संशोधनाची चर्चा येथे का करावी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. सागरी सस्तन प्राण्यांचे रोग आणि त्यांचे प्रजनन यांचा परस्परसंबंध शोधण्याच्या पद्धती बऱ्याच अंशी सीलच्या अभ्यासातून घडल्या. त्या आपल्या किनाऱ्यावर वापरण्यापूर्वी त्यांतील बलस्थाने व उणिवा पारखून घेणे आवश्यक ठरते.

१. गोठ्यातून समुद्राकडे गेलेले गृहीतक :
ब्रुसेला हा जिवाणू पशुपालकांच्या पूर्वपरिचयाचा आहे. गाई-म्हशींत तो गर्भाशयात व वारेत वाढतो आणि गाभण काळाच्या उत्तरार्धात गर्भपात घडवितो. म्हणूनच या रोगास ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या मादी वासरांना त्याची लस देण्याची तरतूद करण्यात आली.

१९९४ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सील, पॉरपॉइज व डॉल्फिन यांच्या शरीरात याच गटाचे जिवाणू आढळले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एका डॉल्फिनच्या गर्भपात झालेल्या गर्भातूनही असा जिवाणू मिळाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे २००७ मध्ये त्यांचे दोन प्रजातींत नामकरण झाले : देवमासे-डॉल्फिन वर्गातील ‘ब्रुसेला सेटी’ आणि सीलमधील ‘ब्रुसेला पिनिपेडिॲलिस’. जिवाणू गोठ्यातील जिवाणूचा सगोत्र, म्हणून रोगही गोठ्यातीलच, असा तर्क येथे सहजपणे केला गेला. गृहीतक म्हणून तो योग्यच होता. परंतु पुष्कळदा तो निष्कर्षाच्या जागी वापरला गेला, हा या संशोधनाच्या प्रारंभीच्या टप्प्यावरील मुख्य आक्षेप होय.

२. एक कुल, दोन वृत्तान्त :
डॉल्फिनांच्या बाबतीत हा तर्क बराच टिकला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाटलीनाक डॉल्फिनांच्या गर्भपाताबरोबरच वारेचा दाहही नोंदविला गेला. इतर डॉल्फिनांत मेंदूच्या आवरणाचा दाहही दिसून आला. येथे जिवाणू, बाधित ऊती आणि दगावलेला गर्भ अशी पुराव्याची साखळी पूर्ण होते.

सीलच्या बाबतीत ही साखळी जुळत नाही. उत्तर अटलांटिकमधील टोपीधारी सीलच्या रक्तात ब्रुसेलाविरोधी प्रतिपिंडे मोठ्या प्रमाणात आढळतात. तथापि त्यांच्या प्रजनन-इंद्रियांत त्या जिवाणूमुळे झालेली विकृती दाखविता आलेली नाही. नॉर्वेतील संशोधकांनी वयानुसार केलेली विभागणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. दूध पिणाऱ्या पिल्लांत प्रतिपिंडांचे प्रमाण अल्प, सुमारे एक वर्षाच्या सीलमध्ये सर्वाधिक आणि प्रौढांत पुन्हा कमी, असा क्रम त्यांना दिसला. संसर्ग दूध सुटल्यानंतर, बहुधा आहार वा परिसरातून होत असावा आणि शरीर पुढे त्याचा निकाल लावत असावे, असा अर्थ यातून निघतो. ज्या वयात मादी गाभण राहते त्या वयात संसर्गाच्या खुणा कमी होत असतील, तर गर्भपाताचा दोष त्याच्या माथी मारणे कठीण होते. केवळ एकूण टक्केवारी सांगून थांबणाऱ्या अभ्यासांतून हे सत्य हाती लागले नसते. वय वगळून दिलेली टक्केवारी अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारीही ठरते, हा या अभ्यासाचा खरा धडा होय.

३. वारेतील जिवाणू आणि जन्मलेले पिल्लू :
अलास्कातील सेंट पॉल बेटावर उत्तरी फर-सीलच्या वसाहतीतून २०१० मध्ये गोळा केलेल्या वारांच्या तपासणीत सुमारे तीन चतुर्थांश नमुन्यांत ‘कॉक्सिएला बर्नेटी’ या जिवाणूचा जनुकीय अंश आढळला. हाच जिवाणू शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात घडवितो. मात्र ज्या वसाहतीत माद्या दरवर्षी पिल्लांना जन्म देतात तेथे एवढे मोठे प्रमाण सापडावे, यातूनच वारेतील जिवाणू म्हणजे गर्भाचा मृत्यू नव्हे हे स्पष्ट होते. जन्मलेल्या आणि दगावलेल्या पिल्लांच्या वारांची तुलना केल्याशिवाय अशा आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

४. प्रदूषणाचा पदर :
प्रजनन खालावण्यास जिवाणू हे एकमेव कारण नसते. १९७० च्या दशकात बाल्टिक समुद्रातील सीलच्या गर्भाशयनलिका बंद झालेल्या आढळल्या व माद्यांत वंध्यत्व वाढले. त्याचा संबंध पीसीबी या क्लोरीनयुक्त रसायनांशी जोडला गेला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील प्रयोगात प्रदूषित वॅडन समुद्रातील मासे खाणाऱ्या सीलना कमी पिल्ले झाली.

मेक्सिकोच्या आखातातील उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २० एप्रिल २०१० च्या तेलविहीर दुर्घटनेपूर्वीच तेथे डॉल्फिनांचे मृत्यू वाढू लागले होते. त्यामुळे ब्रुसेलाची शक्यता तपासणे भाग होते. काही मृत पिल्लांत तो सापडलाही. परंतु तेल पसरलेल्या बॅरटेरिया उपसागरात गाभण माद्यांपैकी केवळ २० टक्के माद्यांची पिल्ले जगली. इतरत्र हे प्रमाण ८३ टक्के नोंदले गेले होते. एवढी तफावत एकट्या जिवाणूने उलगडत नाही. तेलाने दुर्बल झालेल्या मातेच्या शरीरात संसर्गास वाव मिळतो, असा दोन्ही कारणांना एकत्र पाहणारा विचार येथे अधिक समर्पक वाटतो.

५. मोरा किनाऱ्याच्या संदर्भात :
त्याच २०१० साली, ७ ऑगस्ट रोजी, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली व तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. मोरा परिसर हा जहाजवाहतूक, तेल आणि महानगराचे सांडपाणी यांच्या संगमावर वसलेला आहे. येथील डॉल्फिनांच्या प्रजननाचा विचार करताना जिवाणू व प्रदूषण यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणे म्हणूनच इष्ट नाही.

दुसरा मुद्दा वर्गीकरणाचा आहे. येथील प्राणी डॉल्फिन-पॉरपॉइज वर्गातील असल्याने सीलविषयीचा दिलासा त्यांना लागू होत नाही. कुबड असलेल्या डॉल्फिनची मादी सुमारे वर्षभराच्या गर्भावस्थेनंतर एकच पिल्लू देते व दोन वेतांत साधारण तीन वर्षांचे अंतर असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत ‘संकटग्रस्त’ ठरलेल्या या प्राण्याच्या लहान कळपात एक गर्भ दगावणे हीदेखील मोठी हानी असते.

तिसरा मुद्दा माणसांचा. सागरी ब्रुसेलाची बाधा माणसांना झाल्याच्या नोंदी अत्यल्प असल्या तरी त्या आहेत : २००३ मध्ये पेरूतील दोन रुग्ण व २००६ मध्ये न्यूझीलंडमधील एक रुग्ण नोंदविला गेला. किनाऱ्यावर आलेले कलेवर बहुधा प्रथम मच्छीमारच पाहतो. उघड्या हाताने कलेवर, विशेषतः गर्भ वा वार न हाताळण्याची सूचना त्याला भीती न घालता, त्याच्याच भाषेत मिळाली पाहिजे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने किनाऱ्यावर येणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांच्या अंमलबजावणीत लांबी, लिंग व छायाचित्र यांवर समाधान न मानता मादीचे गर्भाशय व दुग्धग्रंथी तपासणे अगत्याचे आहे. पुरलेल्या कलेवराबरोबर हा पुरावाही पुरला जातो.

निष्कर्ष :
१) सीलमध्ये ब्रुसेलाचा आढळ सिद्ध आहे; त्यामुळे सीलचे प्रजनन खालावते हे विधान मात्र सिद्ध झालेले नाही.
२) डॉल्फिनांत गर्भपाताशी असलेला संबंध अधिक भक्कम पुराव्यावर उभा असल्याने मोरा परिसरासाठी सीलपेक्षा डॉल्फिनविषयक संशोधन अधिक उपयुक्त ठरते.
३) जिवाणू, प्राण्याचे वय, गर्भाशयाची स्थिती आणि प्रदूषकांचे प्रमाण ही चारही अंगे एकत्र तपासल्याखेरीज प्रजनन-हानीचे कारण निश्चित करता येत नाही.
४) पशुवैद्यक, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र यांचे अभ्यासक, वनविभाग आणि मच्छीमार सहकारी संस्था यांच्या सहकार्यातूनच अशी तपासणी शक्य आहे. किनारपट्टीवरील महाविद्यालयांना या कामी मोलाचा वाटा उचलता येईल.