दीड माणूस : महावंसातील विजय आणि मृतांची मोजदाद

महावंसाचा पंचविसावा परिच्छेद आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहोत. गाथांची रचना सफाईदार आहे, कथनाला वेग आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने विचारण्याजोगी स्थळे मुबलक आहेत; त्यामुळे अभ्यासक्रमासाठी त्याची निवड सहज होते. त्यात काय सांगितले आहे याची चिकित्सा मात्र वर्गात क्वचितच घडते. ती आम्हीही पुष्कळ काळ टाळली, हे येथे कबूल केले पाहिजे.

लंकेचा राजा दुट्ठगामणी (इ. स. पू. दुसरे शतक) आणि अनुराधपुरात चव्वेचाळीस वर्षे राज्य केलेला चोल देशीचा एळार यांच्या युद्धाचा हा परिच्छेद. दुट्ठगामणी आपल्या भाल्यात बुद्धधातू बसवून निघतो. संघाकडे मागणी करून पाचशे भिक्खू सैन्याबरोबर घेतो. बत्तीस दमिळ राजांचा पराभव होतो. एका तळ्याचे पाणी मृतांच्या रक्ताने लाल झाल्याचे कवी सांगतो. अखेरीस दोघे राजे हत्तींवरून समोरासमोर येतात आणि एळार मारला जातो.

येथपर्यंत हे कोणत्याही विजयकाव्यासारखे आहे. ग्रंथाचा खरा कस पुढे लागतो. विजयी राजा प्रासादाच्या गच्चीवर सर्व वैभवात बसलेला आहे, पण त्याला सुख वाटत नाही. आपल्यामुळे अक्षौहिणी सेनेचा घात झाला, ही आठवण त्याला स्वस्थ बसू देत नाही. पियंगुदीपातील अर्हतांना हे कळते. आठ अर्हत आकाशमार्गाने येऊन त्याचे सांत्वन करतात. त्याने या युद्धात फक्त दीड माणूस मारला आहे, असा त्यांचा हिशेब आहे. एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही घेतले होते. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, म्हणून पशूंसमान. या कर्माने त्याच्या स्वर्गमार्गात अडथळा येणार नाही, असेही ते सांगतात.

गाथेतला शब्द ‘दियड्ढ’ असा आहे. आपला मराठी ‘दीड’ त्याच कुळातला आहे. शब्दकोश न उघडता मराठी विद्यार्थ्याला कळावा असा. एवढ्या जवळच्या शब्दात एवढी दूरची गोष्ट सांगितलेली आहे.

हा हिशेब तिपिटकात बसतो काय, हे पालिच्या अभ्यासकाने पाहिले पाहिजे. विनयातील तिसरे पाराजिक मनुष्यवधाविषयी आहे. तेथे मारला गेलेला कोणत्या दृष्टीचा होता, त्याने शरण घेतले होते की नव्हते, असा प्रश्नच उद्भवत नाही. मनुष्यदेह एवढीच अट आहे. इतकेच नव्हे, तर दुसऱ्यास मरणाकडे प्रवृत्त करणेही त्याच नियमाच्या कक्षेत येते. पाचित्तिय नियमांत कूच करणारी सेना पाहावयास जाऊ नये, कारणपरत्वे जावे लागलेच तर दोन-तीन रात्रींहून अधिक राहू नये, तेव्हाही लढाई वा कवायत पाहू नये, असे लागोपाठ तीन नियम आहेत. सैन्याबरोबर चालणारे पाचशे भिक्खू या तीन नियमांपुढे ठेवून पाहावेत.

याहूनही जवळचा संदर्भ संयुत्तनिकायातील गामणिसंयुत्तात मिळतो. योधाजीव नावाचा एक गामणी, म्हणजे लढवय्यांचा प्रमुख, तथागतांना विचारतो की, रणात लढताना मरणारा देवलोकी जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले, आपले मत काय? तथागत दोनदा उत्तर देण्याचे नाकारतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की, समोरचे मरावेत अशी इच्छा धरून लढणाऱ्याचे चित्त आधीच हीन झालेले असते. त्याची गती नरक आहे, आणि स्वर्गाची समजूत ही मिथ्यादृष्टी आहे. योधाजीव रडू लागतो. आपण तथागतांच्या शब्दांनी दुःखी झालो नाही, आचार्यांनी आपल्याला इतका काळ फसविले म्हणून रडतो आहोत, असे तो स्पष्ट करतो. एक गामणी सुत्तात सत्य ऐकून रडतो, दुसरा गामणी महावंसात असत्य ऐकून शांत होतो. नावांचे साम्य योगायोगाचे असले, तरी अभ्यासकाला ते बोचल्यावाचून राहत नाही. आणि मिथ्यादृष्टी कोणाची, याचे उत्तर सुत्ताच्या बाजूने पाहिले तर आठ अर्हतांना अडचणीचे ठरावे.

महावंसकाराने नकळत आणखी एक पुरावा मागे ठेवला आहे. संघाला दिल्याशिवाय काही खाणार नाही, असे व्रत राजाने पाळलेले असते. सांत्वनानंतर त्याला आठवते की, एकदा आपण मिऱ्याची शेंग संघाला न देता खाल्ली. (काही भाषांतरांत ही ‘तांबडी मिरची’ होते. मिरची पोर्तुगीजांबरोबर या भागात आली; ‘मरिच’ म्हणजे आपले काळे मिरे.) त्या प्रमादाच्या परिमार्जनार्थ राजा मरिचवट्टी विहार बांधतो. अनुराधपुरातील मिरिसवेटिय स्तूप तो हाच. एका शेंगेसाठी स्तूप उभा राहिला. रक्ताने लाल झालेल्या तळ्यासाठी काहीच बांधावे लागले नाही, कारण ते कर्ज अर्हतांनी आधीच माफ केले होते.

दीपवंस हा अधिक प्राचीन ग्रंथ. त्यात दुट्ठगामणीला मोजक्या गाथा मिळतात आणि सांत्वनाचा प्रसंग आढळत नाही. म्हणजे ही भर पुढल्या काळाची, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील महानाम स्थविरांच्या संपादनातली किंवा त्यांच्यापुढे असलेल्या अट्ठकथेतली. तिला बुद्धवचनाचा दर्जा देण्याचे काहीही कारण नाही.

आता अशोकाचा तेरावा शिलालेख घ्यावा. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले. दीड लाख लोक तेथून हलविले गेले, एक लाख मारले गेले आणि त्याच्या कितीतरी पट मेले. हे आकडे पराभूताने लावलेले नाहीत, विजेत्याने स्वतः दगडावर कोरविले आहेत. लेख तेथेच थांबत नाही. जे वाचले त्यांच्या आप्तमित्रांवर ओढवलेले दुःखही तो हिशेबात धरतो, आणि त्या वेळी मेलेल्यांचा शतांश वा सहस्रांश जरी आज मेला तरी देवानांप्रियाला ते जड वाटेल असे म्हणतो. सहस्रांश म्हणजे शंभर माणसे. भागाकार दोन्हीकडे आहे. अशोक भागत भागत शंभरांवर येतो आणि ते शंभरही त्याला सोसवत नाहीत. महावंस अक्षौहिणीला भागून दीडावर आणतो आणि निर्धास्त होतो.

अशोकाला आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. गिरनार, कालसी, शाहबाजगढी येथे हा लेख आहे; खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे मात्र तो कोरलेला नाही, त्याच्या जागी दुसरे लेख आहेत. (आपल्या सोपाऱ्याला आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे तेवढे मिळाले.) कलिंग परत केल्याचाही उल्लेख नाही, आणि अटवीतील लोकांना याच लेखात दमही दिलेला आहे. अनुशोचन खरे आणि राज्यकर्त्याचा हिशेबही खरा, असे दोन्ही मानावे लागते. महावंसाला या अशोकाचे अपार कौतुक आहे. पण त्यात कलिंगयुद्ध येत नाही. चंडाशोकाचा धम्माशोक होतो तो निग्रोध सामणेराच्या दर्शनाने. पश्चात्तापाचे मूळच वगळल्यावर पुढच्या राजाचा पश्चात्ताप निकालात काढणे सोपे गेले असावे.

संतोष सिवन यांच्या ‘अशोका’ (२००१) या चित्रपटाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अलाहाबाद स्तंभावरील राणीच्या लेखात दानापुरती येणारी, तीवलाची आई कारुवाकी तेथे कलिंगची तलवारबाज राजकन्या होते, आणि नायकाचे मन पालटते ते रणांगणावर प्रेयसी व तिचा लहान भाऊ भेटल्यावर. दृश्ये देखणी आहेत. पण ओळखीच्या एका मुलाचा मृत्यू दाखविल्याशिवाय प्रेक्षकाला लाखाचे दुःख पोहोचणार नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. शिलालेखातील राजाला ओळखीची गरज पडली नव्हती.

असे लिहिल्याने विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे काही ज्येष्ठ उपासक आम्हांला सांगतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. पण कोलीत केव्हाच इतरांच्या हाती गेले आहे. श्रीलंकेतील १९८३ ते २००९ या यादवी युद्धाच्या काळात दुट्ठगामणीचे नाव व्यासपीठांवरून घेतले जात होते. म्यानमारमधून लाखो रोहिंग्या देशोधडीला लागत असताना, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सितागू सयाडो यांनी कायिन राज्यातील लष्करी अधिकाऱ्यांपुढील प्रवचनात हीच दीड माणसाची कथा सांगितली. दीड हजार वर्षांपूर्वीची गाथा एका लष्करी तळावर जशीच्या तशी वापरता आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे : जे बुद्धिसंगत, तर्कसंगत आणि मानवाच्या कल्याणाचे, ते बुद्धाचे मानता येईल. याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. सर्व युद्धे सरसकट निषिद्ध, असे त्यांनी म्हटलेले नाही, हे खरे. पण गरजेचा विचार करावयाचा तर समोरचा माणूस आहे, हे आधी मान्य करावे लागते. पशू ठरविलेल्याच्या बाबतीत गरज सिद्ध करण्याचा प्रश्न उरतच नाही. त्यांचा सिद्धार्थ गृहत्याग करतो तो रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध नको म्हणून, आणि संघाच्या बहुमतापुढे एकटा पडून.

‘पशूंसमान’ हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. चवदार तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, आमच्या पूर्वजांना होता. १९२७ साली महाडला जे गेले ते कोणाच्या तरी हिशेबात पाव माणूसही नव्हते. असा हिशेब पालित, गाथाबद्ध आणि अर्हतांच्या मुखी आला म्हणून तो आम्ही निमूट कसा वाचावा? यापुढे हा परिच्छेद शिकविताना योधाजीव सुत्त त्याच तासाला शिकवावे, असे आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे. परिच्छेद अभ्यासक्रमातून काढून टाकावा या मताचे आम्ही नाही.

काढू नये याला आणखी एक कारण आहे. याच परिच्छेदात, सांत्वनाच्या आधी, एळाराच्या अंत्यविधीचे वर्णन आहे. आपल्या शय्येवर न्यायाची घंटा टांगणारा, वासराच्या मृत्यूबद्दल पोटच्या मुलाला देहान्त देणारा हा राजा मिथ्यादृष्टीचाच होता. अर्हतांच्या हिशेबात तो त्या दिडातही येत नाही. दुट्ठगामणीने मात्र त्याचे दहन सन्मानाने केले, त्या जागी चेतिय बांधून पूजा ठेवली, आणि तेथून जाताना लंकेचे राजे आजही वाद्ये थांबवितात, असे महानाम स्थविरांनी आपल्या काळाविषयी लिहून ठेवले आहे.